लातूरच्या उन्हात ४० लिटरचा समुद्र : ऑल-इन-वन नॅनो रीफ टँक किटचा रिव्ह्यू

नॅनो रीफ टँक म्हणजे घरात समुद्राचं खारं पाणी, मासे अन कोरल (प्रवाळ) ठेवायचा छोटा टँक, अन ऑल-इन-वन म्हणजे फिल्टर, लाईट, हीटर सगळं सोबत. आधी मार्क देऊन टाकते, म्हणजे ज्याला पुढचं वाचायचं नाही तो मोकळा. काचेला पाचपैकी साडेचार, मागच्या फिल्टरच्या कप्प्यांना अडीच, लाईटला तीन, हीटरला एक, अन सोबत जे माहितीपुस्तक येतं त्याला शून्य. शून्य का, तर ते लिहिणाऱ्यानं मराठवाड्यातला एप्रिल बघितलेला नाही. "आठवड्यातून एकदा पाण्याची पातळी तपासा" असं त्यात लिहिलंय. आठवडा! आमच्याकडं आठवडाभर बघितलं नाही तर तपासायला पातळीच शिल्लक राहणार नाही.

कंपनीचं नाव घेत नाही कारण घेऊन उपयोग नाही, तोच डबा चार वेगवेगळ्या नावांनी ऑनलाईन मिळतो, स्टिकर तेवढा वेगळा. ओळखायची खूण सांगते: ४५ बाय ३० बाय ३० सेंटीमीटरचा काचेचा टँक, समोरच्या कडा सलग पॉलिश केलेल्या, मागं काळ्या काचेमागं तीन कप्पे, क्लिपनं लावायचा १८ वॅटचा एलईडी, ६ वॅटचा पंप, ५० वॅटचा हीटर, वर ठेवायला काचेचं झाकण, अन एक छोटी बाटली "लाईव्ह बॅक्टेरिया". मला सगळं मिळून बारा हजारांच्या आत पडलं. कुरिअरवाल्यानं लातूरपर्यंत न फोडता आणलं हे त्याचं कौतुक, थर्माकोल चांगला जाड होता.

मी बारावीला केमिस्ट्री शिकवते त्यामुळं बफर, टायट्रेशन वगैरेची मला भीती नाही, उलट तीच मजा आहे. पण हा रिव्ह्यू केमिस्ट्रीवाल्यांसाठी नाही, ज्यांना रीलमधे निळ्या लाईटखाली डोलणारं काहीतरी बघून "आपल्या हॉलमधे पण पाहिजे" वाटलंय त्यांच्यासाठी आहे. समुद्र इथनं सरळ रेषेत मोजला तरी जवळजवळ चारशे किलोमीटर. तो घरात आणायचा म्हणजे दोन गोष्टी लागतात, शुद्ध गोडं पाणी अन थंडावा, अन या दोन्हीच्या नावानं आपल्या भागात बोंब. त्या दोन्ही या डब्यात नाहीत. हे लक्षात ठेवून किट घेतलं तर किट वाईट नाहीये.

आता मुद्द्याचं, मागचे कप्पे. ४० लिटर म्हणतात खरं, गुणाकार ४०.५ येतोय, पण पाणी काठोकाठ भरत नाही, दगड अन रेती जागा खातात, त्यामुळं खरं पाणी २८-२९ लिटरच बसतं. पुढच्या भागातनं पाणी जाळीवरनं मागं सांडतं, पहिल्या कप्प्यात स्पंज, दुसऱ्यात सिरॅमिकच्या नळ्या, तिसऱ्यात पंप, पंप ते परत पुढं ढकलतो. आता यातली गोम अशी की पाणी उडून गेलं की पुढची पातळी हलत नाही, ती जाळीच्या उंचीला पक्की बांधलेली असते. सगळी घट दिसते ती फक्त शेवटच्या पंपाच्या कप्प्यात. अन हा कप्पा केवढा, तर साधारण १५ बाय ८ सेंटीमीटर. म्हणजे १२० चौरस सेंटीमीटर, म्हणजे एक लिटर पाणी उडालं की तिथली पातळी ८ सेंटीमीटरच्या वर खाली येते. एप्रिल-मे मधे झाकण काढून पंखा लावला तर माझ्याकडं दिवसाला लिटरभर पाणी जातं. दीड दिवसात पंप उघडा पडतो, गुरगुरायला लागतो, हवा ओढतो अन सगळ्या टँकमधे सोड्यासारखे बारीक बुडबुडे. पुण्या-बंगळूरला हाच कप्पा चार-पाच दिवस आरामात चालत असेल, डिझाईन तिथल्या हवेचं आहे, आपल्या नाही.

आणि बुडबुडे ही कमी काळजीची गोष्ट आहे बरं का. पाणी उडतं, मीठ उडत नाही. समुद्राच्या पाण्याची खारटाई हजारी ३५ च्या आसपास असते. २९ लिटरातलं एक लिटर गेलं की ती ३६.२ होते, दोन गेले की ३७.६. मोठ्या टँकला एवढ्यानं काही होत नाही, छोट्याला होतं, अन मग घाबरून एकदम दोन लिटर गोडं पाणी ओतलं की उलटा झटका. म्हणून नव्या लोकांना "छोटा टँक सोपा" असं जे सांगतात ते साफ उलटं आहे. छोट्याला पाणी कमी म्हणून खर्च कमी, पण चूक पचवायची ताकद पण कमी. आणि कमी झालेल्याच्या जागी घालायचं ते गोडंच पाणी, खारं नाही. हे वाक्य पुस्तिकेत ठळक अक्षरात पाहिजे होतं, ते तिथं नाहीच.

उपाय एकच, ऑटो टॉप-ऑफ. पंपाच्या कप्प्यात एक सेन्सर, बाजूला गोड्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन, पातळी बोटभर खाली गेली की छोटा पंप आपोआप थोडं थोडं पाणी टाकतो. मी ऑप्टिकल सेन्सरवाला घेतला, किटच्या पाव किमतीत बसला. दोन काळज्या घ्यायच्या: नळीचं टोक पाण्याच्या वर ठेवायचं, बुडवायचं नाही, नाहीतर पंप थांबला तरी सायफननं सगळा कॅन रिकामा होतो, अन सेन्सरच्या काचेवर शेवाळ साठतं ते पुसत राहायचं. कॅन पाचचाच ठेवा, वीसचा जार लावू नका. समजा सेन्सर बिघडला अन सगळा कॅन आत गेला तर पाच लिटरनं खारटाई तीसच्या आसपास येईल, जीव वाचवता येतो. वीस लिटर गेले तर टँकही संपला अन फरशीवर पाणी. माझं स्पष्ट मत, ज्याला ऑटो टॉप-ऑफ परवडत नाही त्यानं लातूर, नांदेड, परभणी, बीड कुठंच हे किट घेऊ नये. लाईट भारी घ्यायचे पैसे आहेत अन याचे नाहीत असं म्हणणारे लई भेटतात.

बरं, गरमी. याबद्दल लोक फार निराश असतात पण इथं मला उलटं सांगायचंय. रीफला २५-२६ अंश पाहिजे, २८-२९ पर्यंत तग धरतं, त्याच्या वर रोज गेलं की कोरल रंग सोडायला लागतं. बाहेर ४२. मग चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्यायचा का? चिलरची किंमत किटच्या वर जाते, आवाज करतो, अन ज्या खोलीत ठेवला ती खोली तापवतो. मी घेतला नाही. टँकच्या काठाला दोन छोटे कॉम्प्युटरचे पंखे लावले, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे. एक लिटर पाणी उडताना साधारण ६७५ वॅट-तास उष्णता घेऊन जातं, अन माझा पंप अन लाईट मिळून दिवसाला ३०० च्या आसपास टाकतात, म्हणजे त्यांचं फेडून वर खोलीच्या उकाड्याला तोंड द्यायला पण उरतं.

यात आपला फायदा असा की आपली हवा कोरडी. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा येतो, त्याच्या खाली पंखा पाण्याला नेऊ शकत नाही, ती त्याची हद्द. मुंबईत मे महिन्यात ३४ अंश अन ७० टक्के दमट हवा असली तर ती हद्द २९ च्या आसपास येते, म्हणजे पंखा कितीबी फिरवा, पाणी २९ च्या खाली येणारच नाही. आपल्याकडं ४० अंश अन २० टक्के ओलावा, हद्द २२-२३. समुद्राच्या काठावरच्या माणसाला चिलर लागतो अन लातूरला दोनशे रुपयाच्या पंख्यावर भागतं, हे मला मनापासून आवडलेलं आहे.

पण. कूलर. हॉलमधे कूलर चालू केला की खोलीतला ओलावा वाढतो अन टँकचा पंखा निम्म्या ताकदीचा होऊन जातो. खोली गार वाटते, टँकचं तापमान मात्र त्या मानानं उतरत नाही, अन लोक म्हणतात पंखा खराब निघाला. पंखा खराब नाही, हवा ओली झालीय. खिडकी थोडी उघडी ठेवा, कूलरच्या ओल्या हवेला बाहेर निघायला वाट असली की फरक पडतो, अन टँक कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, त्याच्या पाण्याचे तुषार अन धूळ आत जाते. जूनमधे पाऊस यायच्या आधीचे आठ-पंधरा दिवस जेव्हा उकडतंय पण आभाळ आलेलं असतं, ते सगळ्यात वाईट, एप्रिलपेक्षा वाईट. तेव्हा मी लाईटचे तास कमी करते अन गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली टँकच्या मागच्या कप्प्यात ठेवते, बर्फ थेट पाण्यात टाकत नाही.

हीटरला एक मार्क दिला त्याचं कारण, त्याच्यावरचा आकडा अन पाण्यातलं खरं तापमान यांच्यात तीन अंशाचा फरक निघाला. हिवाळ्यात आपल्याकडं रात्री चांगलंच गारठतं, खोलीत पाणी १९-२० ला येतं, हीटर लागतोच. त्यावर इलाज म्हणजे एसटीसी-१००० नावाचा स्वस्त कंट्रोलर, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो, त्यात दोन रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारी बटणं, असतात, एकावर हीटर लावायचा अन दुसऱ्यावर पंखा. २६ सेट केलं, अर्ध्या अंशाचा फरक दिला, की उन्हाळ्यात तोच पंखा चालवतो अन डिसेंबरात तोच हीटर. वायरिंग उघडं असतं म्हणून इलेक्ट्रिशियनकडनं डब्यात बसवून घ्या, खाऱ्या पाण्याशेजारी उघड्या वायरी म्हणजे गंमत नाही. झाकणाचंही तसंच, हिवाळ्यात काचेचं झाकण ठेवायचं, उन्हाळ्यात काढून बारीक जाळी लावायची, कारण उघड्या टँकमधनं मासे उड्या मारतात.

आता पाणी. इथं सासूबाईंचं ऐकवलंच पाहिजे. पहिल्यांदा टँक भरताना त्या म्हणल्या, "अगं, प्यायच्या पाण्याला रेल्वे आणावी लागली होती आपल्याला, अन तू चांगल्या पाण्यात मीठ कालवायलीस?" बोलणं खरं आहे. २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती, ते दिवस आमच्या गल्लीत कुणी विसरलेलं नाही, अन आजही नळाला रोज पाणी येतं अशातला भाग नाही. म्हणून मी त्यांना हिशेब दाखवला. उन्हाळ्यात आठवड्याला साधारण सात लिटर उडतं, तीन लिटर बदलायला लागतं, झालं दहा. आरओ एका लिटरामागं तीन लिटर वाया घालवतो असं धरलं तरी एकूण चाळीस, त्यातले तीस फरशी अन भांड्याला जातातच. आपला हॉलमधला कूलर एवढं एका दिवसात पितो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण कूलरही बंद केला नाही.

पाणी कोणतं, हा खरा प्रश्न. बोअरचं नाही. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, साडेआठशे आहे, अन नुसता आकडा नाही, त्यात काय काय आहे ते माहीत नसतं, शेतातनं झिरपलेलं नायट्रेट असतं, सिलिकेट असतं, अन कुठं तांब्याचा अंश असला तर कोळंबी गेलीच. जारचं पाणीही नाही, मी मोजलं तर ९० आला. घरच्या आरओचं? तेही तसंच नाही, कारण घरच्या आरओत चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, वर मिनरलची नळकांडी लावलेली असते. प्यायला चांगलं, रीफला वाईट. मेकॅनिकला सांगून मेम्ब्रेनमधनं (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातनं) बाहेर पडल्या पडल्या एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून घ्यायचा, त्याच्यापुढं डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा, फिल्टर लावायचा, अन त्यातनं येणारं पाणी टीडीएस मीटरवर शून्य दाखवतंय का बघायचं. रंग बदलणारं रेझिन घ्या, संपलं की कळतं. आपलं पाणी जड असल्यानं रेझिन लवकर संपतं, मेम्ब्रेन चांगला ठेवला तर जरा जास्त टिकतं. मेकॅनिक म्हणेल "ताई, शून्य टीडीएसचं पाणी पिऊ नये", त्याला सांगा पिणार कोण नाही.

मीठ मुंबईच्या दुकानातनं मागवते. खायचं मीठ चालत नाही हे सांगायला नको, त्यात नुसतं सोडियम क्लोराईड, आपल्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट सगळं लागतं. रेड सी कंपनीची साधी निळी बादली मला बरी वाटली, इन्स्टंट ओशनही चालतं. कोरल प्रो नावाची जी महाग आहे तिच्यात अल्कलिनिटी (बायकार्बोनेटसारख्या क्षारांचं प्रमाण) वाढवलेली असते, मऊ कोरलच्या टँकला तिची गरज नाही. सात किलोत माझं वर्ष निघतं. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, पंप लावून ढवळायचं, पूर्ण विरघळून पाणी स्वच्छ दिसलं की मगच वापरायचं. पावसाळ्यात बादलीचं झाकण घट्ट नसेल तर ढेप होते. खारटाई मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, अन तो ३५ च्या प्रमाण द्रावणानं जुळवा, साध्या पाण्यानं शून्य जुळवून भागत नाही. किटसोबत आलेला काटेवाला प्लास्टिकचा मीटर मुलांना खेळायला द्या.

ती बॅक्टेरियाची बाटली. एप्रिलच्या कुरिअरच्या गाडीत चार-पाच दिवस भाजून आलेल्या बाटलीत जिवंत काय उरलं असेल देव जाणे, अमोनिया तसाच्या तसा होता. नव्या टँकमधे आधी हे जीवाणू वसवावे लागतात, त्याला सायकल म्हणतात, ते थोडक्यात, मासे अन उरलेलं खाणं यातनं अमोनिया तयार होतो, तो विष, एक जातीचे जीवाणू त्याचं नायट्राईट करतात, तेही विष, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानानं सोसतं. हे जीवाणू दगडाच्या अन रेतीच्या अंगावर वसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर मासा टाकायचा नाही, दुकानदार काहीही म्हणो. अमोनिया अन नायट्राईट दोन्ही शून्य आले की मगच. त्यानंतर सगळ्या टँकवर तपकिरी लेप चढतो, बघून जीव जातो, तो डायटम नावाच्या बारीक शेवाळाचा असतो, पाणी शून्य टीडीएसचं असेल तर आपोआप ओसरतो. कागदी पट्ट्यांच्या टेस्टवर विश्वास ठेवू नका, थेंबवाल्या घ्या.

दगड अन कोरल याबद्दल जरा गंभीर. आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे, त्याच्या शेड्यूल एकमधे २००१ पासून सगळे खडक बांधणारे म्हणजे कडक कोरल, काळं कोरल, ऑर्गन पाईप, फायर कोरल, सी फॅन आहेत. समुद्री घोडाही आहे. शेड्यूल एक म्हणजे वाघ ज्या यादीत आहे ती. त्यामुळं व्हॉट्सॲपवर कुणी "हॅमर आलाय, ॲक्रो आलाय, लगेच बुक करा" म्हणलं (ही दोन्ही कडक कोरल) तर त्या नादी लागू नका, अन समुद्रातनं उचललेला "लाईव्ह रॉक" पण बहुतेक वेळा कोरलचाच सांगाडा असतो. मी सिरॅमिकचे बनवलेले दगड घेतले, छिद्रं भरपूर आहेत, जीवाणू तिथंही राहतात, वर्षभरात जांभळट थर चढला की कुणी ओळखत नाही. कोरलमधे मशरूम अन झोआंथिड, त्या यादीत नसलेले, बिलासकट घेतलेले. दुकानदार "इम्पोर्टेड आहे" म्हणला तर कागद मागायचा, कागद नाही तर माल नाही.

अन खरं सांगू का, किटचा लाईटही तेवढ्याच लायकीचा आहे. निळे अन पांढरे दिवे वेगळे करता येतात, मशरूमला तर कमीच उजेड लागतो, झोआंथिड त्याच्याखाली छान उघडतात. टायमर दिलेला नाही, शंभर-दोनशे रुपयांचा बाहेरचा लावा, आठ तास पुरे. क्लिपवर मीठ साचून गंज चढतो, आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसावा लागतो. झोआंथिड हाताळताना हातमोजे घालायचे, त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं, अन असा दगड घासायचा किंवा उकळायचा तर अजिबात नाही, वाफेतनं माणसं दवाखान्यात गेलेली आहेत. लहान मुलं असलेल्या घरात हे सगळ्यात आधी सांगायला पाहिजे, पुस्तिकेत एक शब्द नाही.

मासा कोणता? सगळ्यांना नारंगी क्लाऊन पाहिजे असतो. या टँकमधे नको. काही लोक ठेवतात, जगतोही, पण जोडीला निदान ७०-८० लिटर पाहिजे असं माझं मत, अन मोठी झाली की मादी या एवढ्या जागेत कुणाला टिकू देत नाही. क्लाऊनमधे सगळे नर जन्मतात, जो वरचढ ठरतो तो मादी होतो, हे सांगितलं की आमच्या घरी येणारे पाहुणे चहा विसरतात. मोठा टँक असेल तर मात्र हॅचरीतला, म्हणजे पैदास केंद्रातलाच घ्या, आपल्या सीएमएफआरआयनं, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं, क्लाऊनची पैदास करायचं तंत्र बसवलेलं आहे, समुद्रातनं पकडलेला घ्यायची गरज नाही.

माझ्याकडं एक हायफिन गोबी अन एक पिस्तूल कोळंबी आहे. बोटाएवढा मासा. कोळंबीला नीट दिसत नाही, ती बीळ खणते, गोबी दारात पहारा देतो, कोळंबी बाहेर आली की एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते, त्यानं शेपटी हलवली की दोघं आत. हे बघण्यासाठी सगळा खटाटोप वसूल आहे. कोळंबी नांगी मिटते तेव्हा फट्ट असा आवाज येतो, पहिल्या रात्री सासूबाईंना वाटलं काच तडकली, त्यांनी बादली आणून टँकखाली ठेवली. सोबत तीन-चार गोगलगायी, शेवाळ खायला. एवढंच. याच्यापेक्षा जास्त जीव त्यात बसत नाहीत, कुणी "अजून एक बसंल की" म्हणलं तरी नाही.

एक खास आपल्याकडची गोष्ट, डासांची अगरबत्ती, कॉईल, लिक्विड, फवारा. यातली औषधं कोळंबीला मारतात, मासा वाचला तरी ती वाचत नाही. टँक ज्या खोलीत आहे तिथं मच्छरदाणी, दुसरं काही नाही. गल्लीत फवारणीची गाडी आली की आधी खिडकी अन टँकचा पंखा बंद.

लाईट जाणं. हा पंप थेट घरच्या विजेवर चालतो, इन्व्हर्टर असला तर प्रश्न नाही, सहा वॅट म्हणजे काहीच नाही. नसेल तर यूएसबीवर चालणारा हवेचा छोटा पंप अन मोबाईलची पॉवर बँक तयार ठेवा. २५ अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास, अन पाणी तापलं की अजून कमी. दुपारची तीन तास लाईट गेली अन पाणी स्थिर राहिलं तर आधी मासा धापा टाकायला लागतो.

पैशाचं म्हणाल तर किट बारा, त्याच्यावर ऑटो टॉप-ऑफ, डीआय, कंट्रोलर, रिफ्रॅक्टोमीटर, टेस्ट, मीठ, दगड धरून अजून तेवढेच आणि वर थोडे. जीव वेगळे. म्हणजे बारा हजाराचं किट हे फक्त अर्धं बिल आहे. तेच चांगल्या काचकाम करणाऱ्याकडनं लातूरमधे बनवून घेतलं तर स्वस्त पडेल का? टँक स्वस्त पडेल, पण मागच्या कप्प्यांच्या जाळीचं माप त्याला जमायला वेळ जातो. जमवून घेणार असाल तर पंपाचा कप्पा दुप्पट रुंद करायला सांगा, स्पंजचा निम्मा केला तरी चालतो. पुढच्या वेळी मी तेच करणार आहे.

विक्रीनंतरची सेवा, हो, पंपाचा आवाज वाढला म्हणून विक्रेत्याला लिहिलं, त्यांनी व्हिडिओ मागितला, मग दुसरा व्हिडिओ मागितला, मग म्हणाले गॅरंटी मोटरची आहे, आतल्या पंखुडीची नाही. पंखुडी वेगळी मिळते का विचारलं तर उत्तर नाही. व्हिनेगर अन पाणी अर्धं अर्धं करून त्यात पंप तासभर चालवला, चुन्याचा थर निघाला, आवाज गेला. दर दोन-तीन महिन्याला करावं लागतं. तरी तसाच एक स्पेअर पंप घरात पाहिजेच.

मासे मागवायचे असतील तर मार्चच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत मागवू नका. मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीनं थर्माकोलच्या डब्यात येतात, ऑक्टोबर ते फेब्रुवारी ठीक पोचतात. आल्यावर पिशवी उघडून बारीक नळीनं थेंब थेंब टँकचं पाणी घालायचं, पाऊण तास तरी, अन पिशवीतलं पाणी टँकमधे ओतायचं नाही. स्टँडवर सकाळी सहाला जाऊन डबा घ्यायला तयार नसाल तर ट्रॅव्हल्सवाले तो कुठंतरी उन्हात ठेवतात, त्यांना आत काय आहे ते माहीत नसतं. डब्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात मराठीत "जिवंत मासे, सावलीत ठेवा" लिहायला विक्रेत्याला सांगा, इंग्रजी स्टिकर कुणी वाचत नाही.